स्मशानात नाव नसलं तरी दप्तरात असतं

‘आमच्यात दहन करतात. कबर नाही, दगड नाही, मग खापरपणजोबांचं नाव आणायचं कुठून?’ आंदर, नाणे, पवन अशा कुठल्याही मावळात हे ऐकायला मिळतं. अडचण खरी आहे, पण म्हणून शोध संपला असं मुळीच नाही.

देह जळाला तरी मृत्यूची नोंद उरते. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून गावोगाव जन्म-मृत्यूचं रजिस्टर ठेवत असत. त्यालाच गाव नमुना १४ म्हणतात. मृताचं नाव, जात, वय, मृत्यूचं कारण असं त्यात सापडतं. वय बहुधा अंदाजाने सांगितलेलं असे, त्यामुळे त्यावरून काढलेलं जन्मसाल चार-पाच वर्षं इकडेतिकडे धरावं. जुनी रजिस्टरं तालुक्याच्या अभिलेख कक्षात शोधावी लागतात. मावळकरांनी त्यासाठी वडगाव गाठावं. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभरातली हीच दप्तरं उघडली गेली आणि आपल्या घराण्याचा कागद सरकारदरबारी आहे हे पुष्कळांना प्रथमच कळलं.

तिथे आडनाव धरून शोधणारे मात्र हमखास चुकतात. जुन्या नोंदीत नुसतं ‘सखाराम बिन रामजी’ एवढंच असू शकतं, म्हणजे रामजीचा मुलगा सखाराम. एका आडनावाची सगळी घरं एका रक्ताची, हाही तितकाच धोक्याचा समज. नाव, बापाचं नाव, गाव आणि जमिनीचा सर्व्हे नंबर जुळला तरच माणूस आपला म्हणावा. शिवाय जुनी पानं मोडीत आहेत. त्यासाठी घाबरून जायचं कारण नाही. पुराभिलेख खातं आणि १९१० साली स्थापन झालेलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडी शिकवतात.

बायकांची नावं कागदावर येतच नाहीत, हा समज मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण त्यामुळे कोणी ती शोधतच नाही. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीची हक्कनोंदणी सुरू झाली. खातेदार गेला की वारसांचा फेरफार पडतो आणि त्यात विधवेचं नाव सापडतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलीही वारस म्हणून दिसू लागतात. हक्कसोडपत्रावर अंगठा उठवून भावांना जमीन देऊन टाकणाऱ्या आत्याचं नाव, सासरच्या गावासह, त्या एका कागदावर असू शकतं. वंशावळीचा तक्ता काढताना ती चौकट रिकामी ठेवू नका.

‘आमचं गाव धरणात गेलं, कागदही गेले’ असं पवनाकाठचे विस्थापित म्हणतात, वळवण-शिरवत्याच्या बाजूचेही म्हणतात. गाव पाण्याखाली गेलं म्हणून तालुक्याचं दप्तर जात नाही. उलट भूसंपादनाच्या निवाड्यात खातेदार, सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि मोबदला अशी नोंद होते. ज्यांचं सगळं गेलं, त्यांच्या पूर्वजांची यादी सरकारने त्या निमित्ताने करून ठेवली आहे.

देवळापुढचा वीरगळ ‘आमच्या मूळपुरुषाचा’ असल्याचं सांगतात, तिथे मात्र सांभाळावं. खाली लढाई, मध्ये अप्सरांनी नेलेला वीर, वर शिवपूजा आणि चंद्रसूर्य अशी त्याची सर्वसाधारण घडण असते. नाव क्वचितच कोरलेलं असतं. काटकोनात उभारलेला बांगड्यांचा हात असेल, तर तो सतीचा दगड. लेखाशिवाय असा दगड कुठल्याही एका घराण्याच्या नावावर लावता येत नाही.

मग म्हाताऱ्यांच्या आठवणींना किंमत नाही? आहे, आणि मोठी आहे. जानेवारी १७७९ मध्ये मराठे आणि इंग्रज यांच्या लढाईत कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट पडला. कागदात तो स्टुअर्ट आहे, मावळात आजही इष्टुर फाकडा. लोकांनी शत्रूचंही शौर्य अडीचशे वर्षं जपलं. तारीख तेवढी कागदाने दिली. घरातही असंच करावं. ‘आजा मानमोडीत गेला’ असं कोणी म्हणालं, तर ती १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. त्या वर्षाच्या पावसाळ्याअखेरपासूनची पानं आधी काढा. ‘पलेगात गेला’ ऐकलं तर शोध लांबतो, कारण १८९६-९७ नंतर प्लेग वर्षानुवर्षं परतत राहिला.

माहेरची नाती तर जात्यावर गायली गेली. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी मावळ-मुळशीच्या बायकांकडून ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि तो संग्रह एक लाखावर गेला. गाणारीचं नाव आणि गाव तिथे ओवीबरोबर नोंदलेलं आहे. तुमची आजी किंवा तिची जाऊ त्यात असू शकते, म्हणून गावाच्या नावाने जरूर शोधा. घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला आधी तिच्या आईचं माहेर विचारा. सासरची वंशावळ सांगणारे घरात आणखी कोणी असतील. हे गाव बहुधा तिला एकटीलाच ठाऊक असतं.