यंत्राला वाट कोण सांगतं?

आमच्या शाळेच्या दारावर जी लाकडी पाटी आहे ना, ती खरं म्हणजे दुसरी पाटी. पहिली माझ्या वर्गातल्या कपाटामागं उभी करून ठेवली आहे. ती कुणाला दाखवायची नाही असं मी ठरवलं होतं. पण आज तुम्हांला तिचीच गोष्ट सांगते.

आमची शाळा बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. गावातल्या एका आजींचा जुना वाडा पाडला, तेव्हा त्यांनी दाराच्या दोन सागवानी फळ्या शाळेला दिल्या. "मॅडम, शाळंचं नाव कोरून घ्या यावर. मह्या सासऱ्यानं आणलेलं लाकूड हाये," म्हणाल्या. हल्ली फर्निचरच्या दुकानांत कॉम्प्युटरवर चालणारी कोरीव कामाची मशीन असते, सगळे तिला सीएनसी म्हणतात. अशाच एका दुकानात मी पहिली फळी दिली, मोबाईलवर नाव टाईप करून पाठवलं, आणि निर्धास्त राहिले. चौथ्या दिवशी पाटी आली. दुसरीतल्या एका मुलानं ती मोठ्यानं वाचायला घेतली आणि पहिल्याच अक्षरावर अडला. 'जिल्हा'मधली वेलांटी 'ज'च्या पुढं जाऊन बसली होती. 'ल'चा पाय मोडलेला, 'ह' एकटाच. 'प्राथमिक'मधला 'र' सुटा. कोरीव काम मात्र इतकं सुबक, की बघत राहावं!

दोष दुकानदाराइतकाच माझाही होता. कोरण्याआधी एकदा नजर टाकायला मी गेले नव्हते.

असं का झालं असेल? जरा 'जि' म्हणून पाहा. तोंडातून आधी 'ज' निघतो, मग 'इ'. पण लिहिताना वेलांटी आपण 'ज'च्या अलीकडं काढतो. कॉम्प्युटर अक्षरं बोलण्याच्या क्रमानं साठवतो आणि दाखवताना वेलांटी अलीकडं आणतो, जोडाक्षरं जुळवतो. ज्या सॉफ्टवेअरला हे शिकवलेलंच नाही, ते साठवलेलं जसंच्या तसं मांडतं. इंग्रजीला याची गरज पडत नाही, म्हणून अशी पुष्कळ सॉफ्टवेअरं मराठीपुढं अडखळतात.

आता एकच फळी उरली होती. ती घेऊन मी आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याकडं गेले. आयटीआयला मशिनिस्टचा कोर्स करून त्यानं छोटी सीएनसी मशीन घेतली आहे. त्याचे वडील सुतार. आमची मुलं त्याला दादाच म्हणतात. त्यानं फळीवरून हात फिरवला आणि ती सरळ माळ्यावर ठेवून दिली. "मॅडम, आधी एमडीएफच्या तुकड्यावर करून पाहू."

मशीन म्हणजे काय? एक टेबल, वर गरगर फिरणारी मोटर, तिला खाली लावलेला धारदार बिट. मोटर डावीउजवीकडं, पुढंमागं आणि वरखाली सरकते. या तीन दिशांना एक्स, वाय आणि झेड म्हणतात. तिला डोळे नाहीत. आपण डोळ्यांवर पट्टी बांधून खेळतो, 'चार पावलं पुढं, दोन उजवीकडं' असं ओरडतो, तसं तिला एकेक पाऊल सांगावं लागतं. त्या सांगण्याला जी-कोड म्हणतात. 'जी ०' म्हणजे न कापता भर्रकन जा, 'जी १' म्हणजे कापत सरळ जा, 'जी २' आणि 'जी ३' म्हणजे गोलाईत जा. 'एम ३' म्हटलं की मोटर फिरू लागते, 'एम ५' म्हटलं की थांबते.

तुम्हीही असा कोड लिहू शकता. आलेखाचा कागद घ्या. डाव्या खालच्या कोपऱ्याला शून्य धरा, लहान चौकोन एक मिलिमीटरचा. पेन्सिल उचला. एक्स १०, वाय ५० या ठिकाणी न्या, टेकवा, एक्स ५० पर्यंत सरळ रेघ ओढा. पुन्हा उचला, एक्स ३०, वाय ५० वर न्या, टेकवा, वाय १० पर्यंत खाली या. काय झालं? शिरोरेघ आणि काना! एवढ्याशा कान्याला इतक्या ओळी, तर 'ळ'ला किती लागतील? म्हणूनच ही वाट आखून देणारं सॉफ्टवेअर लागतं. या वाटेला कारखान्यात टूलपाथ म्हणतात.

ही कल्पना अमेरिकेतली. जॉन पार्सन्स नावाच्या गृहस्थांना हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अचूक वळणं हवी होती. त्यातून १९५२ मध्ये एमआयटी या संस्थेत भोकं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारी मशीन लोकांना दाखवली गेली. पण त्या फितीसाठीची आकडेमोड करताना माणसं थकून जायची. मग डग्लस रॉस आणि त्यांच्या सोबत्यांनी 'एपीटी' नावाची भाषा तयार केली. १९५९ मध्ये ती जाहीर करताना पाहुण्यांना काय भेट दिली असेल? त्याच पद्धतीनं कापलेला ॲल्युमिनियमचा ॲश-ट्रे! (आज कुणी असली भेट देणार नाही, आणि देऊही नये.)

दादाच्या दुकानात आम्ही पहिला तुकडा लावला. मशीन सुरू झाली आणि दोन मिनिटांत थांबली. साठ सेंटिमीटर लांबीचं नाव अडीच सेंटिमीटरसुद्धा झालं नव्हतं, आणि तेही नखानं ओरखडल्यासारखं. दादा हसायलाच लागला. सॉफ्टवेअरनं आकडे इंचात लिहिले होते, मशीननं ते मिलिमीटर समजून घेतले. एका इंचात २५.४ मिलिमीटर, म्हणून सगळंच पंचवीस पटींनी लहान.

इथं एक नवा शब्द शिका : पोस्ट-प्रोसेसर. सॉफ्टवेअर वाट आखतं, पण प्रत्येक मशीनची बोली थोडी वेगळी. आपल्याकडं कसं, बीडची मराठी निराळी आणि कोकणातली निराळी! पोस्ट-प्रोसेसर म्हणजे मधला दुभाष्या. दादानं इंचाचा दुभाष्या निवडला होता. त्यानं ती छोटी फाईल उघडली आणि सुरुवातीलाच 'जी २१', म्हणजे 'आकडे मिलिमीटरमध्ये', असं लिहून येईल अशी सोय केली. बिट बदलण्याचा 'एम ६' हा हुकूम काढून टाकला. त्याची मशीन आपणहून बिट बदलत नाही, तो शब्द आला की अडून बसते. फळी धरायचे क्लॅम्प उंच होते, म्हणून बिट उचलायची उंचीही ५ वरून १५ मिलिमीटर केली. विकत आणलेला शर्ट दंडात घट्ट झाला तर आई उसवून सैल करते ना, तसंच हे.

दुसऱ्या तुकड्यावर नाव मोठं आलं, पण दोन अक्षरं जिथं जुळतात तिथं शिरोरेघेत लाकडाचे खुंट उभे राहिले. मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपला शिरोरेघेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्यावर थोडा चढवतं. डोळ्यांना सलग रेघ दिसते. सॉफ्टवेअरला मात्र एकावर एक दोन आकार दिसतात, आणि चढलेला भाग ते 'बाहेरचा' समजून सोडून देतं. दादानं इंकस्केप नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहिलं. तिथं 'जिल्हा' नीट दिसतो. मग अक्षरांचं चित्र करून टाकलं, म्हणजे पुढं वेलांटी हलायला नको, आणि 'युनियन' करून सगळे तुकडे एकजीव केले.

तिसरा तुकडा. आता 'श'ची गाठच गायब! बिट ६ मिलिमीटर जाडीचा होता. जिथं तो मावत नाही, तिथं सॉफ्टवेअर त्याला जाऊच देत नाही. दादानं ३ मिलिमीटरचा बिट लावला. आता बिटचा मध्य रेघेपासून दीड मिलिमीटर आत चालणार, हा हिशेब सॉफ्टवेअरनंच केला. एकदम खोल गेलं तर बिट मोडतो, म्हणून ६ मिलिमीटर खोली तीन फेऱ्यांत, दरवेळी दोन दोन. तरी आतले कोपरे गोलच राहिले. ट्रॅक्टरचा नांगर शेताच्या कोपऱ्यात वळत नाही, तेवढी जमीन कुदळीनं खणावी लागते, तुम्ही पाहिलंच असेल.

"मग चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?" मी विचारलं. दादा म्हणाला, "काम काय आहे त्यावर ठरतं, मॅडम." सपाट अक्षरांना फ्रीकॅडसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं, त्याचे दुभाषे पायथॉन भाषेत लिहिलेले असतात, शिकलं तर आपण बदलू शकतो. देव्हाऱ्यावरची उठावाची वेलबुट्टी हवी, तर वेगळं लागतं. तिच्यासाठी 'आर्टकॅम' पुष्कळ दुकानांत नावाजलेलं. पण ऑटोडेस्क कंपनीनं २०१८ मध्ये त्याची विक्री बंद केली, पुढं ते 'कार्व्हेको' नावानं आलं. मोटारीचे धातूचे भाग कापायचे तर कॅमवर्क्ससारखं. ते मुंबईच्या जॉमेट्रिक कंपनीनं वाढवलं. २०१७ मध्ये ते एचसीएलकडं गेलं. मला वाटतं, विकत घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : आपल्या मशीनचा दुभाष्या त्यात आहे का, कापण्याआधी पडद्यावर सगळी वाट दिसते का, आणि 'जिल्हा' लिहिल्यावर 'जिल्हा'च दिसतो का. चोरून उतरवलेली प्रत मात्र नको.

पालकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. या कामात मुलाला वा मुलीला रस असेल, तर आयटीआय आहेच. शिवाय छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याच्या एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथं दहावीनंतर टूल आणि डाय बनवण्याची पदविका घेता येते.

चौथा तुकडा बरोबर आला. तेव्हा कुठं फळी माळ्यावरून खाली उतरली. मशीन चालू असताना दादाचा अंगठा लाल बटणावर होता आणि मी श्वास रोखून उभी होते. नाव पूर्ण झाल्यावर त्याच्या वडिलांनी पटाशी घेतली आणि सगळे कोपरे हातानं काढले. आजी पाटी बघायला आल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी शिरोरेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि "कुठं अडकत न्हाई बगा," म्हणाल्या.

पहिल्या फळीची मागची बाजू अजून कोरीच आहे. चौथीची मुलं आलेखाच्या कागदावर तिच्यासाठी चित्रं काढताहेत. पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या मयूर अभयारण्यात सहल गेली होती, तेव्हापासून सगळ्यांना मोरच हवा आहे, तोही उठावाचा. दादाला आता नवं सॉफ्टवेअर शोधावं लागणार!