न पाहिलेल्या चित्रासाठी

फुल एचडी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या, तर दर सेकंदाला १२ कोटींहून जास्त वेळा एकच प्रश्न सोडवावा लागतो: या पिक्सेलचा रंग कोणता? तो सोडवणारा इवलासा प्रोग्राम म्हणजे शेडर. गंमत अशी, की शेडर लिहिणारा पूर्ण चित्राचा विचार करतच नाही. तो एका पिक्सेलपुरता लिहितो आणि ग्राफिक्स कार्ड तेच चार-दहा ओळींचं गणित हजारो पिक्सेलांवर एकाच वेळी चालवतं. परीक्षेच्या हॉलसारखंच ते: प्रश्नपत्रिका सगळ्यांना तीच, पण शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावता येत नाही. मूळ चित्रातला कुठलाही पिक्सेल वाचा, पण शेजारच्याचं नवं उत्तर काय आलं, हे कळायला मार्ग नाही. लाटा, धुकं, वितळणारे चेहरे, सगळं या आंधळेपणातून उगवतं.

आता हे गणित एका चौकटीत बंद करून दुसऱ्याच्या हाती द्यायचं आहे. फ्रँकफर्टच्या मेसो स्टुडिओत जन्मलेलं आणि २००२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं व्हीव्हीव्हीव्ही हे असंच एक दृश्य-प्रोग्रामिंगचं वातावरण आहे. नाटकाचे पडदे, संग्रहालयातली दालनं, मैफलींमागची चलच्चित्रं त्यात रचली जातात. इथे प्रोग्राम लिहिण्याऐवजी जोडला जातो: पडद्यावर चौकटी, म्हणजे नोड मांडायचे आणि त्यांच्या पिना रेषांनी जोडायच्या. त्याच्या आजच्या आवृत्तीत शेडरच्या फाइलच्या नावाचा शेवट ‘टेक्स्चरएफएक्स’ असा ठेवला, की त्या फाइलचा आपोआप नोड बनतो. शेडरमध्ये जाहीर केलेली चलपदं त्या नोडच्या पिना होतात. फाइल बदलून सेव्ह करा, चालू असलेला व्हिडिओ न थांबता बदलतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही जादूच वाटते, आणि माझ्या मते तिची सवय कधी होऊच नये.

छोटे तुकडे जोडून चित्र घडवण्याच्या या कल्पनेचं मूळ बरंच जुनं आहे. संगणकीय चित्रांच्या सिग्राफ परिषदेत १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या रॉब कुक यांनी ‘शेड ट्रीज’ मांडले: पृष्ठभागाचा रंग ठरवायला एकच ठरीव सूत्र वापरण्याऐवजी छोट्या क्रियांचं झाड बांधायचं. त्याच परिषदेत, त्याच कंपनीच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रावर चित्र चढवण्याचं बीजगणित दिलं. आजच्या नोडांच्या जाळ्याखाली हे दोन्ही विचार आहेत.

मग अवघड काय? स्वतःच्या एका व्हिडिओसाठी इफेक्ट लिहिणं सोपं असतं. पुन्हा पुन्हा वापरता येईल असा लिहायचा, तर कधीही न पाहिलेल्या चित्रासाठी लिहावं लागतं. आपण नकळत धरून चाललेली गृहीतकं तिथेच उघडी पडतात.

काळाचं घ्या. हलत्या वस्तूमागे शेपूट सोडणारा इफेक्ट आधीची फ्रेम ०.९ ने गुणून नव्या फ्रेममध्ये मिसळतो. सेकंदाला ६० फ्रेम असतील, तर सेकंदभरात आधीच्या चित्राचा ०.२ टक्क्यापेक्षाही कमी अंश उरतो. तोच नोड ३० फ्रेमच्या यंत्रावर लावा, ४ टक्क्यांहून जास्त उरतो आणि शेपूट दुप्पट लांब होते. म्हणून गुणक ‘दर फ्रेमला’ असा न ठेवता दोन फ्रेममधला खरा वेळ मोजून त्याच्या घातात बसवायचा. जागेचंही तसंच. ‘दहा पिक्सेल सरकव’ हे फोर-के पडद्यावर फुल एचडीच्या निम्मंच दिसतं. अंतर चित्राच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात मागितलं, तर नोड कुठल्याही पडद्यावर सारखा वागतो.

सर्वात सुंदर सापळा उजेडाचा. काळा आणि पांढरा समसमान मिसळला, तर उत्तर दोघांच्या आकड्यांच्या मधोमधचं, म्हणजे १२८ यायला हवं, असं वाटतं. पण नेहमीच्या चित्रफाइलींतले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाहीत. १२८ या आकड्यामागे पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के प्रकाश असतो. खरा अर्धा प्रकाश १८८ च्या आसपास सापडतो. त्यामुळे फाइलीतले आकडे तसेच घेऊन ब्लर केला, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून चित्र धूसर केलं, तर रात्रीच्या दृश्यातले दिवे मलूल पडतात. आधी आकड्यांचा प्रकाश करायचा, तिथे सरासरी काढायची, मग पुन्हा आकडे करायचे. दिवे खरोखर फुलतात! पारदर्शक कडांचीही हीच कथा. अदृश्य पिक्सेलांत लपलेला काळा रंग सरासरीत शिरून आकृतीभोवती मळकट रेघ उमटवतो. रंग आधीच अपारदर्शकतेने गुणून ठेवला, की ती जाते. १९८४ चं ते बीजगणित नेमकं हेच सांगत होतं.

ब्लरचा उल्लेख आलाच आहे, तर एक करामत सांगायलाच हवी. प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या ३१ गुणिले ३१ चौकोनाची सरासरी काढायला ९६१ वाचनं लागतात. पण गाऊसच्या घंटाकृती वक्राचा एक अजब गुण आहे: आधी फक्त आडवा ब्लर करा, त्या उत्तरावर उभा करा, निकाल तोच येतो. वाचनं उरतात ६२. वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याच्यासमोर एक नोड आणि त्रिज्येची एक पिन असते. ती पिन शून्यावर नेली, की चित्र जसंच्या तसं परत मिळायला हवं, आणि काहीही न जोडता नोड टाकला, तरी काहीतरी चांगलं दिसायला हवं. पिनची मूळ किंमत विचारपूर्वक निवडणं हाही माझ्या लेखी डिझाइनचाच भाग आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं.

असे प्रामाणिक नोड एकत्र आले, की कोणी न लिहिलेले इफेक्ट जन्मतात. चित्रातला फक्त लख्ख भाग वेगळा करणारा एक नोड, त्यापुढे ब्लर, त्यापुढे मूळ चित्रात बेरीज करणारा तिसरा: झाली दिव्याभोवतीची प्रभा. हे तिन्ही एका चौकटीत गुंडाळले, बाहेर दोन पिना काढल्या, की तोही एक नोड होतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी जाळ्यात जोडला जायला तयार असतो.