दोन अर्ध्यांचे पाल

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात गेटिसबर्ग नावाचे एक लहान गाव आहे. १८६३ सालच्या जुलै महिन्यातील पहिल्या तीन दिवसांत या गावाच्या परिसरात अमेरिकन यादवी युद्धातील सर्वांत भीषण लढाई झाली. उत्तरेकडील संघराज्याचे सैन्य आणि त्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचे सैन्य यांच्यातील हे युद्ध १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे चालले. गेटिसबर्गसारख्या ठिकाणी इतिहासाची हौस असणारी मंडळी आजही उन्हाळ्यात त्या काळचे गणवेश चढवून मोकळ्या मैदानावर छावणी उभारतात. ही मंडळी प्रेक्षकांना बंदुकीत दारू कशी ठासत, भाकरीऐवजी कोणते टणक बिस्कीट खात, कूच करताना पाठीवर काय काय वाहून नेत, हे प्रत्यक्ष दाखवतात. तिकडे या प्रकाराला ‘जिवंत इतिहास’ असे म्हणतात.

अशा प्रदर्शनात तंबू तर हवाच. परंतु नेमका याच ठिकाणी इतिहास पुष्कळदा निसटतो. हौशी माणसाला दोन-तीन रात्री मैदानावर काढायच्या असतात. त्याला उभे राहता येईल, खाट मावेल, खाण्यापिण्याची आधुनिक पेटी लपवता येईल असा ऐसपैस तंबू हवासा वाटतो. त्यामुळे उभ्या भिंतींच्या मोठ्या तंबूंच्या रांगा लागतात. असे तंबू त्या काळी नव्हते असे नाही. पण मोहिमेवर ते प्रामुख्याने अधिकाऱ्यांच्या वाट्याला येत. सामान्य शिपाई ज्याखाली झोपला ते छप्पर याहून फार लहान होते. मराठीत त्याला चपखल शब्द आहे, तो म्हणजे ‘पाल’. गावाबाहेरच्या माळावर भटक्या जमाती दोन काठ्यांवर कापड टाकून जो निवारा उभारतात, त्यालाच पाल म्हणतात. यादवी युद्धातील शिपायाचा तंबू दिसायला बराचसा तसाच होता.

युद्धाच्या आरंभी परिस्थिती वेगळी होती. हेन्री सिब्ली या लष्करी अधिकाऱ्याने १८५६ मध्ये एका शंकूच्या आकाराच्या तंबूचे पेटंट घेतले होते. हा तंबू सुमारे १८ फूट व्यासाचा आणि १२ फूट उंचीचा असून लोखंडी तिपाईवर रोवलेल्या एकाच खांबावर उभा राही. त्यात डझनभर माणसे पाय मध्याकडे करून, चाकाच्या आऱ्यांसारखी झोपत. निवारा उत्तम होता; पण हजारो शिपायांसाठी असे तंबू वाहून न्यायचे म्हणजे गाड्यांच्या आणि खेचरांच्या लांबच लांब रांगा लागत. गाड्या चिखलात रुतल्या की तंबू मागे राहत आणि शिपाई उघड्यावर पडत. शेवटी तंबूचा भार गाडीवरून काढून शिपायाच्या पाठीवर देण्याचे ठरले. १८६२ पासून उत्तरेच्या सैन्यात नवे पाल वाटले जाऊ लागले. ही कल्पना फ्रेंचांची होती. १८३० नंतर अल्जीरियातील मोहिमांत फ्रेंच शिपाई आपल्या झोपायच्या गोण्या उसवून, त्यांचे कापड एकमेकांना जोडून आडोसा करीत असत.

या पालाचे वैशिष्ट्य असे की, एका शिपायाला पूर्ण पाल मिळतच नसे. त्याला मिळे ते अर्धे. दुसरे अर्धे त्याच्या जोडीदाराकडे असे. मुक्कामाच्या ठिकाणी दोघांनी आपापले अर्धे काढायचे, बटणांनी एकमेकांना जोडायचे आणि आढ्यावर टाकायचे. जॉन बिलिंग्स हा मॅसॅच्युसेट्सच्या तोफखान्यातील शिपाई होता. त्याने १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हार्डटॅक अँड कॉफी’ या पुस्तकात या अर्ध्याचे माप नोंदवून ठेवले आहे. ते लांबीला ५ फूट २ इंच आणि रुंदीला ४ फूट ८ इंच होते आणि त्याच्या तीन बाजूंना बटणे व काजे होती. त्या काळच्या सैनिकाची सरासरी उंची साधारण ५ फूट ८ इंच होती, हे लक्षात घेतले म्हणजे कापडाची लांब बाजू आढ्याला घेऊनही पाय बाहेर राहत असले पाहिजेत हे उघड आहे. दोन्ही टोके उघडी. शिपायांनी या निवाऱ्याला ‘कुत्र्याचे पाल’ असे नाव ठेवले. काहींनी तर दारावर ‘येथे पिल्ले विकत मिळतील’ अशा अर्थाच्या पाट्या लावल्या आणि काही जण रांगत बाहेर येऊन भुंकलेही, असे सांगतात.

प्रदर्शनासाठी असे पाल करू इच्छिणाऱ्याने पहिला मोह आवरायचा तो माप वाढवण्याचा. आजची माणसे उंच आहेत, सहा इंच वाढवले तर कोणाला कळणार, असा विचार सहज मनात येतो. परंतु सहा इंच वाढवले की पाय आत येतात, आणि पाहणाऱ्याला कळायची मुख्य गोष्टच नाहीशी होते.

कापड सुती हवे. त्या काळी पालासाठी मुख्यतः सुती ड्रिल वापरत. घट्ट विणीचे, तिरक्या रेघेचे, फार जाड नसलेले ड्रिलचे कोरे कापड आजही मिळते. ताडपत्रीसाठी वापरतात तसले जाड कॅनव्हास येथे चुकीचे ठरते, कारण ते पाठीवर वाहून नेण्याजोगे नसते. पांढरे शुभ्र कापडही नको. धुवट न केलेल्या सुताचा पिवळसर रंग हाच खरा. कृत्रिम धाग्याची भेसळ असलेले कापड दुरूनही ओळखू येते. ते उन्हात चकाकते आणि त्याला पडणाऱ्या सुरकुत्याही वेगळ्याच असतात.

येथे एका वेगळ्या धाग्याचा उल्लेख केला पाहिजे. ज्या सुताखाली हे शिपाई झोपले, तो कापूस पिकत होता शत्रूच्या, म्हणजे दक्षिणेच्या, मळ्यांत. आणि तो पिकवत होते गुलाम. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, तेव्हा जगभर कापसाची टंचाई झाली. इंग्लंडमधील लँकशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत पैशांचा पूर लोटला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरून अनेक पेढ्या बुडाल्या. मुंबईच्या इतिहासातील ही मोठी उलथापालथ त्या दूरच्या युद्धाशी अशी बांधलेली आहे.

कापड कापण्यापूर्वी ते भिजवून वाळवून घ्यावे. कोरे सुती कापड पहिल्या पाण्यात आटते. शिवल्यानंतर आटले तर माप चुकते आणि शिवणी ओढल्या जातात. त्यानंतर पन्ह्याचा विचार करायचा. त्या काळी लष्करी तंबूंचे कापड बहुधा साडेअठ्ठावीस इंच पन्ह्याचे असे. असे दोन पट्टे एकमेकांवर एक इंच चढवून शिवले, तर रुंदी बरोबर ५६ इंच, म्हणजे ४ फूट ८ इंच भरते. पालाचे माप काही अंशी मागाने ठरवलेले दिसते ते असे. आज ६० इंच पन्ह्याचे कापड सहज मिळत असल्यामुळे मधला सांधा टाळता येतो, पण तो टाळू नये. सांधा नसलेले अर्धे जाणकाराला लगेच खटकते. रुंद कापडातून पट्टे कापायचे झाल्यास त्यांना विणलेला काठ नसतो. तेव्हा कडा दुमडण्यासाठी प्रत्येक पट्टा ३० इंच रुंद घेणे सोयीचे. लांबी दोन्ही टोकांच्या दुमडीसह ६४ इंच धरावी. मधल्या सांध्यावर दोन समांतर टिपा घालाव्यात, म्हणजे ओढ दोन ओळींवर वाटली जाते.

शिलाईच्या यंत्राविषयी बरेच गैरसमज आहेत. जुनी वस्तू म्हणजे सगळे हातानेच शिवलेले, अशी समजूत असते. प्रत्यक्षात १८५० च्या दशकातच अमेरिकेत शिलाईयंत्रांचा प्रसार झाला होता, त्यामुळे लांब शिवणींना यंत्राची सरळ टीप चालते. काजे मात्र हातानेच करावेत. दोराही सुतीच असावा. पाऊस पडला की सुती दोरा फुगून सुईची छिद्रे बुजवतो. कृत्रिम दोरा फुगत नाही आणि शिवणीतून पाणी ठिबकते.

बटणे हाडाची किंवा साध्या धातूची असावीत. ती साधारण सात-सात इंचांवर लावावीत, आणि त्यांची मांडणी नीट समजून घ्यावी, कारण सगळी युक्ती येथेच आहे. काजे अगदी कडेला आणि बटणे कडेपासून थोडी आत, अशा दोन्ही ओळी प्रत्येक अर्ध्याला असतात. त्यामुळे उजवे-डावे असा भेद राहत नाही. कोणतेही अर्धे दुसऱ्या कोणत्याही अर्ध्याशी जुळते. लढाईत जोडीदार पडला, इस्पितळात गेला किंवा पळून गेला, तरी उरलेला शिपाई आपले अर्धे घेऊन दुसऱ्या एकट्या राहिलेल्या माणसाशेजारी जाऊ शके. तिघे एकत्र आले तर तिसऱ्याच्या अर्ध्याने एक उघडे टोक झाकता येई. प्रदर्शनासाठी दोन अर्धी शिवताना एकावर नुसती बटणे आणि दुसऱ्यावर नुसते काजे करण्याची चूक काही जण करतात. तसे केले तर ही अदलाबदल दाखवताच येत नाही. कोपऱ्यांना शिवलेली भोके ठेवून त्यांत दोरीचे फास ओवतात. या फासांतून मेखा जमिनीत ठोकायच्या. मेखा जवळच्या झाडाच्या फांद्या तोडून केलेल्या असाव्यात. रंध्याने घासलेल्या, एका मापाच्या मेखा येथे शोभत नाहीत.

पाल किती उंच उभारावे, हे गणिताने ठरते. बाजूचे कापड ५६ इंचांचे आहे. आढे ४५ इंच उंच धरले, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार खालची जमीन सुमारे ६७ इंच, म्हणजे साडेपाच फूट रुंद मिळते. आढे ३४ इंचांवर आणले, तर तीच जमीन सुमारे ९० इंच, म्हणजे साडेसात फूट होते. उंची कमी केली की झोपायला जागा वाढते; पण उतार मंदावतो आणि पाणी निथळण्याऐवजी रेंगाळते. पाऊस असेल त्या रात्री उंच आणि अरुंद, कोरड्या रात्री बुटके आणि रुंद, असा हिशेब बसतो. भिजलेल्या कापडाला आतून बोट लावू नये. सूत पाण्याने फुगून विणीतील छिद्रे बंद करते आणि पाण्याचा पातळ थर वरच धरून ठेवते; बोट लागले की तो थर तुटतो आणि त्या जागेवरून थेंब गळू लागतात. सुताच्या किंवा तागाच्या दोऱ्या ओल्या झाल्या की आखडतात, म्हणून पाऊस येण्यापूर्वी तणावे सैल करावेत. नाहीतर मेखा उपटल्या जातात किंवा कापड फाटते.

आढ्यासाठी दोन काठ्या आणि एक आडवी फांदी पुरते. बिलिंग्सने याहून झटपट रीत सांगितली आहे. संगिनी लावलेल्या दोन बंदुका उलट्या करून जमिनीत रोवायच्या, घोड्याभोवतीच्या कड्यांमधून दोरी ताणायची आणि तीवर पाल टाकायचे. प्रेक्षकांना ही रीत फार आवडते. प्रदर्शनात ती दाखवताना बंदुका रिकाम्या असल्याची खात्री दोघांनी स्वतंत्रपणे करून घ्यावी, आणि त्या पालाजवळ मुलांना एकटे सोडू नये. शेकोटीही पालापासून दूर असावी. कोरडे सुती कापड पाहता पाहता पेटते.

पालाच्या आत काय ठेवायचे? रबर चढवलेल्या कापडाचे एक अंथरूण, दोन लोकरी घोंगड्या, पत्र्याचे पेले, पाठपिशव्या. एवढ्यानेच जागा भरते. कापडावर शाईने शिपायाचे नाव आणि पलटणीचा क्रमांक घालता येतो, कारण शिपाई तसे करीत. दक्षिणेच्या सैन्याचे प्रदर्शन असेल, तर दोन विजोड अर्धी किंवा नुसती घोंगडी टांगलेली अधिक खरी दिसेल. त्या सैन्याकडे तंबूंची फार टंचाई होती आणि शत्रूकडून हाती लागलेल्या पालांना तेथे मोठी किंमत होती. हिवाळी मुक्काम दाखवायचा असल्यास लाकडाच्या ओंडक्यांची कमरेएवढी भिंत रचून वर हीच अर्धी छपरासारखी ताणतात. चार शिपाई एकत्र आले की चार अर्ध्यांचे चांगले छप्पर होई आणि ओंडक्यांच्या व चिखलाच्या धुराड्यातून धूर निघे.

प्रदर्शन संपल्यावर पाल ओले असताना गुंडाळू नये. त्यावर बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि ते पुढे जात नाहीत. ओलेच न्यावे लागले, तर घरी पोचताच दोरीवर पसरून पूर्ण सुकवावे. सुकल्यावर बटणे सोडून दोन्ही अर्धी वेगळी करावीत. शिपाई आपले अर्धे घोंगडीत गुंडाळून त्या वळकटीची दोन्ही टोके बांधीत आणि ती एका खांद्यावरून तिरकी घालीत, किंवा पाठपिशवीच्या वर पट्ट्याने आवळीत. कूच करताना हेही प्रेक्षकांना दाखवावे. बहुतेकांना त्या गुंडाळीतच तंबू आहे हे ओळखता येत नाही.