एकाला झाडं हवीत, दुसऱ्याला नकोत

माळावर रोपं लावली की फोटो छान येतो, पण माळढोक तिथून पाय काढतो. चहूकडे नजर पोचेल अशी मोकळी, गवताळ जमीन त्याला लागते. शेकरूचं नेमकं उलटं. दोन झाडांच्या फांद्यांमधलं अंतर वाढलं की त्याची वाटच तुटते.

शेकरू (रॅटुफा इंडिका) हा आपला राज्यप्राणी. कृंतक गणातला, खारीच्याच कुळातला, पण शेपटीसकट मीटरभर लांब. भारताबाहेर तो नैसर्गिकरीत्या कुठेच आढळत नाही. जमिनीवर क्वचितच उतरतो, या झाडावरून त्या झाडावर वीस-वीस फुटांची झेप घेतो आणि बारीक फांद्यांवर एकाहून अधिक घरटी बांधतो. त्याच्यासाठी १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं. आययूसीएनच्या यादीत तो 'कमी चिंतेचा' आहे. संख्या घटते आहे, तरी देशभराचा विचार करता त्याचं बरं चाललंय.

माळढोकाचं तसं नाही. आर्डिओटिस नायग्रिसेप्स हा पक्षी पूर्वी क्रौंचांच्या गणात गणला जाई. आता त्याच्या कुळाला ओटिडिफॉर्मिस हा स्वतंत्र गण मिळाला आहे. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत भरतं. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने उडताना समोरची वीजतार त्याला वेळेत दिसत नाही, आणि दिसली तरी एवढं धूड ऐनवेळी वळवता येत नाही. २०११ पासून तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. आज उरलेत जेमतेम दीडशे, तेही बहुतेक जैसलमेरकडे.

आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याचं अभयारण्य झालं. कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावं आली, शेतं आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. दरम्यान पाणी आलं, ऊस आला, माळ नांगरला गेला. जंगल तोडलं तर निदान आरडाओरडा होतो. माळाची नोंदच 'पडीक' अशी, त्याच्यासाठी कोण ओरडणार?

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये माळढोकाच्या मुलखातल्या वीजतारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. २०२४ मध्ये, सौरऊर्जेची गरज पाहून, तो आदेश सैल केला. त्याच वर्षी जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं.