सांधा अजून थंड आहे

सकाळी पावणेआठ. नवागाम-डिंडोलीच्या रस्त्यावर रात्रीच्या पावसाचं पाणी अजून साचलेलं. मोटरसायकलच्या टाकीवर गोणी, मागे पुतण्या, त्याच्या मांडीवर घमेलं आणि पत्र्यांची पिशवी. रो हाऊसच्या दारात चपला काढल्या आणि थेट हॉलमधल्या घोडीवर चढलो. कुठलंही अवजार हातात घेण्याआधी मी उलटा पंजा छताच्या सांध्याला लावतो. जिप्सम बोर्डाचा कागद कोरडा लागला. सांधा मात्र माठाच्या पोटासारखा थंड.

थंड म्हणजे आत पाणी आहे. वरून पांढरा दिसतो आणि फसवतो. उन्हाळ्यात दुपारी भरलेला सांधा दुसऱ्या सकाळी खडखडीत झालेला असतो. श्रावणात हवाच ओली, ती सांध्यातलं पाणी घेणार कुठून?

खालून आजींनी विचारलं, "भाऊ, ऐतवारले कानबाई शे. तोवर रंग व्हई का?"

आज शुक्रवार. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते, आणि ती बसण्याआधी घर लख्ख करायची आमच्या खानदेशातली रीत आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून माणसं सुरतेला मागांवर आली, लिंबायत-उधना-डिंडोलीत घरं केली, पण कानबाईच्या नैवेद्याचे रोट सुटले नाहीत. म्हणून श्रावणाच्या तोंडावर इथे आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि सांधे वाळायला सगळ्यांत वाईट दिवस तेच. "मागची खोली होईल," मी म्हणालो. "हॉलचं संध्याकाळी सांगतो."

साडेआठ. मागच्या खोलीचे सांधे मंगळवारचे, हाताला कोरडे. पुतण्याला घमेल्यात आधी पाणी आणि मग पावडर टाकायला सांगितलं. उलटं केलं की तळाला गोळे राहतात आणि प्रत्येक गोळा छतावर रेघ ओढतो. पहिला हात चार इंची पत्र्याने दिला होता, हा दुसरा आठ इंचीने. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद हवा. सांध्यावरचा उंचवटा काढून टाकता येत नाही, तो दोन्ही बाजूंना इतका पसरवायचा की नजरेला सापडू नये.

साडेदहा. चहा पिताना पुतण्या बादलीतल्या उरलेल्या पीओपीला हात लावून म्हणाला, "काका, हे तापलंय." तापणारच. खाणीतलं जिप्सम भाजलं की त्याच्या अंगातलं बरंचसं पाणी उडतं आणि पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, होतं. आपण पाणी घातलं की ते पुन्हा दगड होऊ लागतं आणि होताना ऊब सोडतं. नावात पॅरिस आलं ते तिथल्या मोंमार्त्रच्या जिप्सम खाणींमुळे. आपल्या देशातलं बहुतेक जिप्सम राजस्थानचं. मी त्याला म्हटलं, घट्ट होणं वेगळं आणि वाळणं वेगळं. घट्ट व्हायला तासभर पुरतो. वाळायला हवा लागते, तिथे आपली घाई चालत नाही.

अकरा. हॉल. सांध्याला हात लावायचा नव्हता, पण स्क्रू तपासायचे होते. सहा बाय चारचा बोर्ड वीस किलोच्या आसपास भरतो आणि तो सगळा भार या बारीक डोक्यांवर असतो. नऊ-नऊ इंचांवर एक. डोकं कागदाच्या किंचित आत दबलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. कागद फाटला तर स्क्रू नुसत्या चुन्यात रुतल्यासारखा असतो, त्याच्या शेजारी दुसरा मारावा लागतो. तीन सापडले. तिन्ही माझेच होते.

या हॉलची खरी अडचण मधल्या, कापलेल्या कडांच्या सांध्यात आहे. बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातूनच उतरत्या येतात. दोन कडा जोडल्या की उथळ पन्हळ होते, त्यात टेप आणि मसाला बसतो आणि वरचा भाग सपाट राहतो. पण खोलीच्या मापाला बोर्ड कापला की कापलेली कड सरळ उभी असते. तिला कटरने तिरकी तासायची, भुकटी झटकायची, फट आधी भरून वाळू द्यायची आणि मगच टेप. अशा सांध्याला मी कागदी टेपच लावतो. जाळीची टेप स्वतः चिकटते म्हणून काम झटपट होतं, पण कापलेल्या कडांवर कागदाची पकड मला जास्त भरवशाची वाटते. टेपखाली मसाला पुरेसा हवा. मधून बाहेर पत्रा दाबत नेला की हवा निघते. हवा राहिली तर फुगा येतो. आणि सिमेंटची पुट्टी इथे चालत नाही. जिप्सम आणि सिमेंटचं ओलाव्यात पटत नाही.

एक वाजता कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.

दोन. घरातला मोठा मुलगा कामावरून आला आणि मदत म्हणून हॉलमधला पंखा पाचवर लावला. मी धावलो. "दादा, पंखा नको, खिडक्या उघडा." जोराच्या वाऱ्याने वरची साय सुकते, खालचं ओलं राहतं आणि मग वरचा थर तडकतो. पंख्याचा दांडाही त्याला दाखवला. तो स्लॅबच्या हुकाला आहे, बोर्डाला कुठेच टेकत नाही, भोवती बोटभर जागा ठेवली आहे. पंख्याचा थरथराट बोर्डात उतरला तर कितीही चांगला सांधा उलतो.

तीन ते साडेपाच मागच्या खोलीत घासाई, सकाळचा पातळ हात तोवर वाळला होता. आधी १२० नंबरचा कागद, मग १८०चा. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. पुतण्या मास्क हनुवटीवर ओढतो, ते मला सहन होत नाही. ही धूळ मैद्यासारखी आहे, थेट छातीत जाते. खिडक्या झाकून टॉर्च छताला चिकटवून आडवी धरली. समोरून सपाट दिसणारं छत आडव्या उजेडात नांगरटीसारखं दिसतं. पेन्सिलने सात खुणा केल्या, पुन्हा हात दिला. उद्या आधी प्रायमर, नाहीतर कागद आणि मसाला रंग वेगवेगळा पितात आणि सांध्यांचे पट्टे उमटतात.

सहा. हॉलमध्ये पुन्हा उलटा पंजा. थंडच.

मी खाली उतरून आजींसमोर बसलो. काही वर्षांपूर्वी एका घरी दिवाळीसाठी ओल्या सांध्यावर रंग मारला होता, ते सांगितलं. संक्रांतीपर्यंत छतावर पट्टीने आखल्यासारख्या सरळ भेगा आल्या होत्या. चूक माझी होती, सगळं खरवडून फुकट करून दिलं. म्हटलं, "भिंती उद्या रंगवून देतो. छत तसंच राहू द्या. विसर्जन झालं की बुधवारी बघू."

आजी छताकडे पाहत राहिल्या. पांढऱ्या बोर्डावर राखाडी पट्टे, स्क्रूंचे ठिपके. "पाव्हणा काय म्हणतीन?" त्या हळूच म्हणाल्या. मग उठून दोन्ही खिडक्यांचे पडदे स्वतःच काढून टाकले.

पत्रे धुतले, पुसून तेलाचं बोट फिरवलं. निघताना आजी म्हणाल्या, रोट भाऊबंदकीचेच, पण दर्शनाला बायको-पोरांना घेऊन ये. सात वाजले होते. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती, म्हणून वाऱ्याच्या बाजूची खिडकी अर्धी लोटायला पुतण्याला परत पाठवलं.