लोकशाही-खेळ

संगणकावरील व्यूहात्मक खेळात अनेक खेळाडूंनी मिळून एकच बाजू चालविण्याची पद्धत. सिड मायर यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) या खेळात एक खेळाडू एका राष्ट्राचा कारभार पाहतो. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीच्या (२००१) चाहत्यांनी हा कारभार निवडून दिलेल्या पदाधिकाऱ्यांकडे सोपविला. संगणक मात्र एकच शासक जाणतो; बहुमताविरुद्ध केलेली चालही तो स्वीकारतो. म्हणून सत्तेची विभागणी लिखित संविधानानेच करावी लागते. अध्यक्ष प्रत्यक्ष चाली करतो; परराष्ट्र, संरक्षण, व्यापार इ. खात्यांचे मंत्री त्यास लेखी सूचना देतात. प्रांतपाल नगरांतील बांधकामे ठरवितात व न्यायमंडळ नियमांचा अर्थ लावते. पदाची मुदत सामान्यतः एक महिन्याची असते. युद्धासारखे प्रश्न सर्व सभासदांच्या मतास टाकतात.

जतन केलेला डाव खाजगीरीत्या पुढे खेळून कोणासही भावी घटना आधी जाणून घेता येतात व त्या आधारे मतदान फिरविता येते. म्हणून या कृतीस सक्त मनाई असते. नियम फार झाल्यास डाव रेंगाळतो व मतदार पांगतात. फार थोडे असल्यास एकटा अध्यक्षच खेळतो. या दोहोंत तोल साधणे, हे नियमरचनेचे मुख्य कार्य होय.