पाळी चुकली म्हणून पोरीवर संशय नको

तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आला होता. सावली तालुक्यातल्या एका गावातून एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. बचत गटामुळे आमची ओळख. "ताई, पोरीले चार महिने झाले, पाळीच नाही आली. लग्न ठरलं हाय. लोकं काय काय बोलतात," एवढं बोलून ती रडायलाच लागली. मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, काही झालंय का?" तिने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी अजून विसरले नाही. गावाने घेतला तोच संशय मीही घेतला होता!

आशाताईंनी किटवर लघवी तपासली. गर्भ नव्हता. मग सरकारी दवाखान्यात नेलं. अंगावर सूज, केस गळणं, सारखी झोप येणं, हे सगळं डॉक्टरबाईंनी विचारलं आणि रक्त तपासलं. थायरॉइड ग्रंथीचं काम मंदावलं होतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत पाळी परत आली. सोयरीक मात्र तोवर मोडली होती.

मैत्रिणींनो, पाळीचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी असलेली छोटीशी पीयूषिका ग्रंथी संप्रेरकं, म्हणजेच हार्मोन्स, सोडते आणि ती अंडाशयाला कामाला लावतात. ही साखळी कुठेही बिघडली की पाळी लांबते. थायरॉइड हे त्याचं एक कारण. वजन वाढतंय, हनुवटीवर केस येताहेत, मुरुमं जात नाहीत, अशा मुलींमध्ये 'पीसीओएस' असू शकतो. बाळ अंगावर पीत नसताना छातीतून दूध येत असेल तर प्रोलॅक्टिन वाढलेलं असू शकतं. फार अशक्तपणा, उपासमार किंवा मनावरचा ताण यांनीही पाळी थांबते. पाळणा लांबवण्याचं 'अंतरा' इंजेक्शन घेणाऱ्या बायकांनाही हा अनुभव येतो. आपल्याकडे गर्भाशयाचा क्षयरोग हेही एक कारण आहे, ते विसरू नये.

बायका हे सगळं अंगावर काढतात, ही गोष्ट नवी नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के! दुखणं होतं, पण बोलायची सोय नव्हती.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. लग्न झालेलं असो वा नसो, आधी गर्भ आहे की नाही ते तपासावं. नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावं. मेडिकलमधून परस्पर पाळी आणायच्या गोळ्या घेऊ नयेत. पुजाऱ्याकडे गेलात तरी हरकत नाही, पण दवाखाना चुकवू नका.

आणि पोरगी सांगायला आली, तर मी विचारला तो प्रश्न तुम्ही विचारू नका. "चल, मी येते तुझ्यासोबत," एवढंच म्हणा.